सासूबाईंची लाथ

"उताणा नको, पालथा पाडा त्याला! पालथा!" सासूबाई ओटीवरून ओरडत होत्या, आणि दारात जमलेला अर्धा कोळीवाडा मला नेमका उलट्या बाजूला ओढत होता.

ओरडायलाही कंबर लागते, हे त्या दिवशी कळलं.

नायलॉनचा धागा तेव्हा आमच्याकडे यायचा होता. जाळी सुताची, आणि ती विणायची म्हणजे सगळा पावसाळा एका जागी: पाय लांब, जाळ्याचं टोक अंगठ्याला अडकवलेलं, पाठीची कमान. मी इतका बसलो की जमिनीला खळगा पडला आणि कोंबडी त्यात अंडं घालून गेली. त्या सकाळी उठायला गेलो, तर कंबरेत असं काही धरलं की वाकलेला तसाच राहिलो.

हसा खुशाल. माझी मात्र भीतीनं बोबडी वळली होती. नारळी पुनव होऊन गेलेली, दुसऱ्या दिवशी होड्या पाण्यात. आमचा तांडेल, होडी त्याच्याच हुकमावर चालायची, दारातून डोकावला आणि शेजारच्या तरण्या गड्याकडे बघत मला म्हणाला, "सांजच्याला येतो. उभा दिसलास तर तू, न्हायतर हा." होडीवरची जागा एकदा गेली की गेली. शिवाय आमच्या आळीत कंबर बसलेला एक म्हातारा हातांवर फरफटत मासळी वाळत घालायचा. डोळे मिटले की त्याचे ते हात मला माझेच वाटायचे.

तेल झालं, गरम मिठाची पुरचुंडी झाली. मग बायको म्हणाली, "माझी आय पायाळू हाय ना!" जन्मताना पायांकडून आलेला तो पायाळू. त्यानं लाथ घातली की धरलेली कंबर सुटते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "जावयाला लाथ? देव हाय तो माझा!"

"देवाला उद्या होडीवर जायाचंय," बायको म्हणाली.

सासूबाई आधी माझ्या पाया पडल्या. मग काष्टा घट्ट खोचला. ही बाई पाटी घेऊन चालली की बंदरातलं पाणी हलायचं. पालथ्यानंच तिरक्या डोळ्यानं बघितलं, तर तिचा पाय वाशाला टेकला होता. ही आपले दोन तुकडे करणार! येतील त्या देवांना नवस बोललो, दोन-चार तर दुसऱ्यांचे देव होते.

बसली! आवाज म्हसळ्यापर्यंत गेला असणार. श्वास अडकला, डोळ्यांपुढे काळोख. मग कुठेतरी खाली एक पाय हलला, आणि तो माझाच निघाला. बायकोचा खांदा धरला, मग भिंत. वाकडा, लटपटत, पण उभा.

तांडेल आला तेव्हा मी उभ्यानंच चहा पीत होतो. बसायची छाती नव्हती. "पहाटे ये," एवढंच बोलून तो गेला.

मी सासूबाईंकडे वळलो. "आये, हे पाय सोन्यानं मढवले पायजेत! पायाळू जन्माला यायचं म्हणजे केवढं पुण्य!"

त्या पदर सारखा करत होत्या.

"पायाळू माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "मी डोक्याकडनंच आलेली."