रेणुकाच्या फोनचा कोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, नवऱ्याला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा नेमकं एवढंच सोडून बाकीचं सगळं बोलले. आता तुम्हाला सांगतेय—का, ते विचारू नका. कुणी "ताई, पासवर्ड विसरलोय" म्हणत दुकानाची पायरी चढलं, की अजून मी नजर चुकवते. एवढ्या साध्या बोलण्याला कुणी घाबरतं का? मी घाबरते.

आमचं दुकान उचगावात. आधी तिथं एसटीडी बूथ होता, तो मीच चालवायची. मग लोकांच्या खिशात मोबाईल आले, बूथ ओस पडला आणि मी रिचार्ज, कव्हर, चार्जर विकायला लागले. बटणांचे फोन होते तेव्हा, लॉकचा कोड पाच आकड्यांचा. तो कसा टाकायचा, कसा बदलायचा, हे गावात फार कुणाला जमायचं नाही. मला जमायचं. बायका तर माझ्याकडंच यायच्या, कारण पुरुषाच्या हातात फोन दिला तर तो आतलं काय काय बघेल, कुणी सांगावं? आणि कोड टाकून दिला की आठ दिवसांत विसरून परत दारात. म्हणून मी एक वही घातली होती. नाव, आणि पुढं कोड. "ताई, लिवून ठेवा की तुमच्याकडं," असं त्याच म्हणायच्या. कुलपं गावाची आणि किल्ल्या सगळ्या माझ्या ड्रॉवरमध्ये—आज ऐकून हसाल. पण तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

रेणुका त्यातलीच एक. लग्न होऊन आमच्या गल्लीत आलेली, एक पोरगी झालेली. पहाटे डेअरीला दूध घालायला जायची. कॅन रिकामा झाला की तो तिथंच ओट्यावर ठेवायची आणि मागच्या उसाच्या पाणंदीत पळायची—साडीखाली ट्रॅकपँट घालून. सोबत मुमताज असायची, घरात शिलाईकाम करणारी, शेजारचीच. दोघींनी पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. मुमताजच्या घरात माहीत होतं, रेणुकाच्या घरात कुणालाच पत्ता नव्हता. वयाच्या अटीत तिचं ते शेवटचं वर्ष होतं. या भरतीला नाही बसली, तर पुन्हा कधीच नाही.

हे मला कसं ठाऊक? तिनंच सांगितलं की. मुमताजचे मेसेज यायचे आणि घरात तिचा फोन कुणीही उचलायचं, म्हणून तिला लॉक हवं होतं. कोड टाकून दिला तेव्हा म्हणाली, "मुमताजला आणि तुमाला, दोघींनाच म्हाईत ऱ्हाऊ दे." मी मान हलवली आणि वहीत लिहिलं.

इथंच थांबावं असं वाटतंय. पण थांबून तरी काय?

एका दुपारी तिचा नवरा आला—संजय, एमआयडीसीत लेथवर कामाला होता. हातात रेणुकाचा फोन. कोड लागतोय, उघडून द्या, म्हणाला. मी आधी बरोबरच वागले, हे खरं आहे. ज्याचा फोन त्यानं कोड सांगायला पाहिजे, असं म्हटलं. तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई. बायकांचं काम न्हाय हे. शहरात शाहूपुरीत नेतो, तिथली पोरं दोन मिनिटांत उघडत्यात."

आता नीट ऐका. त्या काळी कोड माहीत नसलेला फोन उघडायचा म्हणजे दुकानदार सॉफ्टवेअर मारायचे. आणि सॉफ्टवेअर मारलं की आतलं सगळं पुसून जायचं—नंबर, फोटो, मेसेज, सगळं. हे मला पक्कं माहीत होतं. मी नुसतं "जावा बाबा शाहूपुरीला" म्हटलं असतं, तर फोन कोरा होऊन घरी आला असता आणि रेणुकाचं गुपित त्यातच पुसून गेलं असतं. मला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण बायकांचं काम न्हाय? इतकी वर्षं मी त्या काउंटरमागं काढली. गावातले बाप्ये चार्जरची पिन वाकडी झाली तरी माझ्याकडं यायचे—आणि हा मला शिकवणार? डोकं असं तापलं माझं. म्हटलं, आणा इकडं. फोनला केबल लावली, केबल कॉम्प्युटरला लावली. त्या केबलचा काडीचा उपयोग नव्हता, सगळं नाटक. त्याच्याकडं पाठ केली, ड्रॉवर उघडला, वहीतलं रेणुकाचं पान काढलं आणि पाच बटणं दाबली. वर म्हणाले काय—"घ्या. झालं बायकांचं काम." तेव्हा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही आठवतं, लाज वाटते त्याची.

तो तिथंच उभा राहून वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. एक मेसेज त्यानं मला मोठ्यानं वाचून दाखवला. "सोमवारी मैदान हाय. कागद घेऊन ये. घरात माहेरी चाललोय म्हण." मग फोन खिशात घातला. "बरं झालं ताई, तुमी हुता," एवढंच म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून डेअरीला दूध घालायला सासू यायला लागली. रेणुकाला शिरोळला नणंदेकडं पाठवलं होतं. मुमताज सोमवारी भरतीच्या मैदानाच्या गेटवर हिची वाट बघत शेवटचा नंबर पुकारेपर्यंत थांबली, असं मी नंतर ऐकलं. फोन बंद लागत होता म्हणे. बंदच लागणार.

तुम्ही म्हणाल, गर्व नडला, झाली चूक. मीही स्वतःची तशी समजूत घालून बघितली आहे. पण तेवढ्यानं माझी सुटका होत नाही, कारण पुढचं अजून राहिलंय—आणि ते मी शांत डोक्यानं केलं.

महिन्याभरानं रेणुका दुकानात आली. वाळली होती. माझ्यावर संशय तिच्या मनातही नव्हता. नवऱ्याला तिनं विचारलं होतं, कोड कसा कळला. तो म्हणाला होता, उघडला मी, तुला काय करायचंय? स्वतःची हुशारी मिरवायला त्यानं माझं नाव गाळलं होतं. आणि ती मला विचारायला आली होती—"ताई, असा आपोआप उघडतो व्हय फोन?"

सांगायला किती वेळ लागला असता? मी उघडला गं, एवढंच. ओठावर आलं होतं, खरंच आलं होतं. पण मग डोळ्यापुढं सगळ्या बायका आल्या, सगळी वही आली. गावभर होईल, कुणी पायरी चढणार नाही, तोंडावर थुंकतील. आणि मी काय केलं? मी तिला उलटा प्रश्न विचारला.

"कोड कुणाकुणाला सांगितलतास गं?"

ती म्हणाली, "मुमताजला."

मी फडकं घेतलं आणि काउंटरची काच पुसायला लागले. तिच्याकडं न बघता म्हणाले, "बघ मग."

बस. एवढंच बोलले. मुमताजचं नाव मी घेतलं नाही, खोटी शपथ खाल्ली नाही. पण त्या दोन शब्दांनी काय होणार आहे, हे मला ते बोलायच्या आधी माहीत होतं. म्हणूनच बोलले.

मुमताज भरती झाली. मग तर रेणुकाची खात्रीच पटली—स्वतःची एक स्पर्धक कमी व्हावी म्हणून हिनंच घरात कळवलं. मुमताज पेढे घेऊन गेली तर तिनं तोंडावर दार लावलं. तोच पुडा घेऊन मुमताज माझ्याकडं आली. रडत होती. "अम्मीची शपथ ताई, मी न्हाई सांगितलं. तुमी तरी तिला समजावा." मी सांगते म्हटलं. पेढाही खाल्ला. सांगितलं काहीच नाही. चार दिवसांनी ती ट्रेनिंगला गेली, आणि त्याच आठवड्यात मी ती वही अंघोळीच्या बंबात घातली. पाणी तापलं, दुसरं काही झालं नाही.

पुढच्या वर्षी रेणुका पुन्हा आली. फोन तिला परत मिळाला होता. आता त्यात लपवायचं तरी काय राहिलं होतं? पण तिला कोड बदलून हवा होता. जुना मुमताजला माहीत आहे, म्हणाली. तिच्यासारखी माणसं ओळखायला आपण चुकलो, असंही म्हणाली. मी मान खाली घालून फोन हातात घेतला, नवा कोड विचारला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी ती काउंटरवर वाकली.

"ह्यो मातूर आता फकस्त तुमालाच," म्हणाली, आणि माझ्या कानात तिनं पाच आकडे सांगितले. मी ते टाकून दिले.