कणगीतली विहीर

दासगावच्या बंदरावर आम्हाला निरोप द्यायला महाडातली निम्मी प्रतिष्ठा जमली होती. बिहार-नेपाळच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीला निघालेले आम्ही सात स्वयंसेवक मचव्यात बसलो, गळ्यात हार पडले आणि समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मानवतेपासून सुरू करून ते भगीरथापर्यंत पोचले तेव्हा ओहोटी लागली. ओहोटीला अध्यक्ष कळत नाहीत. मचवा चिखलात बसला, मंडळी जेवायला घरी गेली आणि आम्ही पुढच्या भरतीपर्यंत हार घालून चिखल पाहत राहिलो. तरीही इतका आनंद मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. दहा वर्षे शाळेत नकाशावर छडी ठेवून मी हिमालय शिकवला होता. आता तो दिसणार होता.

परदेश मात्र किरकोळ निघाला. उत्तर बिहारच्या टोकाला आमची छावणी होती आणि तिच्यामागच्या गुडघाभर पाण्याच्या ओढ्यापलीकडे नेपाळचे राज्य सुरू होत होते. जमीन हादरली तेव्हा पोटातली वाळू पाण्यासकट उसळली आणि अलीकडच्या काय, पलीकडच्या काय, सगळ्या विहिरींत जाऊन बसली. आमचे छावणीप्रमुख झोपतानाही गळ्यातली शिट्टी काढत नसत. त्यांनी पलीकडे जाण्याच्या परवानगीसाठी दोन पानी इंग्रजी अर्ज लिहिला. चौकीवरच्या शिपायाने तो उलटा धरून पाहिला, मग आमच्या फावड्यांकडे पाहिले आणि म्हणाला, "जाइए."

पलीकडची पहिलीच विहीर एका म्हातारीची. तिच्या नवऱ्याने खणलेली. ती वाळूने भरल्यापासून म्हातारी दिवसातून तीनदा गढूळ ओढा ओलांडून आमच्या बाजूच्या तळ्याचे पाणी नेत होती. सोमवारी गाडी जुंपून सगळ्यांनी सुनेच्या माहेरी राहायला जायचे, असे तिच्या मुलाने ठरवले होते. सामान गाडीवर चढलेच होते. म्हातारी त्यातली एकेक वस्तू काहीतरी निमित्ताने उतरवी, आणि मुलगा ती पुन्हा चढवी. आम्ही गेलो तो बुधवार होता.

रोज पहाटे शिट्टी, मग प्रार्थना, मग सातूचे पीठ पाण्यात कालवून खायचे आणि थंडीत कुडकुडत विहिरीवर. विहीर उपसण्यातला जाणता आमच्यात एकच होता, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला, मुंबईच्या गोदीत काम करणारा गडी. मला तो मास्तर म्हणे, मी त्याला गाववाले. वैशाखात सगळी वाडी मिळून विहिरीतला गाळ काढते, ते काम त्याने लहानपणापासून केलेले. त्याने आमची रांग लावली. टोपली खालून वर, हातातून हातात. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन पुरुष खोल गेलो आणि स्वतःवर फार खूश झालो.

सकाळी वाळू जिथल्या तिथे. गुरुवारी पुन्हा उपसली. शुक्रवारी पुन्हा तेच.

गाववाल्याने मूठभर वाळू माझ्यापुढे धरली. "मास्तर, काल काढली ती हीच का?"

"मला काही ओळखू येत नाही."

"मला येते. दोन दिस हिच्याशीच झोंबतोय."

म्हातारी काठावर बसून हसत होती. तुमच्याकडे विहिरी नसतात का, असे तिने विचारले. गाववाला गोदीतल्या हिंदीत म्हणाला, "हमारे उधर पत्थर है. पत्थर पकडके रखता है."

"और यहाँ कौन पकड़ेगा?"

गाववाल्याने मूठ उघडून वाळू खाली सोडली. कातळातली विहीर एकदा उपसली की उपसली, एवढेच आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. दुपारी तो माझ्याजवळ आला.

"आपण भात कशात भरून ठेवतो?"

"कणगीत."

"मग वाळूला काय धाड भरली?"

त्याने गावातून बांबू मागवले, कामट्या काढल्या आणि विणायला बसला. पुरुषभर उंचीची, माणूस आत उभा राहील अशी कणगी, फक्त बुडाशिवाय. छावणीप्रमुख म्हणाले, "आपण विहिरी उपसायला आलोत, टोपल्या विणायला नाही." त्यांचा जीव टांगणीला होता, कारण शनिवारी वरून पाहुणे यायचे होते, विहिरीचे उद्घाटन करायला.

पाहुणे आले. कोरड्या विहिरीच्या काठावर उभे राहून ते पाण्याच्या महतीवर अर्धा तास बोलले. त्यांच्या घशाला कोरड पडली तेव्हा म्हातारीने ओढ्यापलीकडून आणलेले पाणी त्यांना पाजले. गाववाला तेवढ्यात दुसरी कणगी विणून मोकळा झाला होता.

रविवारी पहिली कणगी आत सोडली. गाववाला तिच्यात उतरून पायाखालची वाळू काढू लागला, तशी कणगी आपोआप खाली बसत गेली. तिच्यावर दुसरी बांधली आणि मागे पेंढा ठासला. वाळू बाहेर अडली. दुपारी खालून आवाज आला, "पाय भिजले."

"किती?"

"घोटा." थोड्या वेळाने, "पोटरी."

आम्ही सगळे काठावर पालथे पडून आत पाहत होतो. छावणीप्रमुखांची शिट्टी विहिरीत लोंबत होती आणि त्यांना तिची आठवण नव्हती.

सोमवारी सकाळी पाणी निवळले होते. मुलाने बैल जुंपले, घोटभर पाणी चाखले आणि आईकडे पाहिले. म्हातारी म्हणाली, डाळ शिजू दे. आम्ही काय ते समजलो. महाडातही नव्या विहिरीची परीक्षा हीच. डाळ शिजली तर पाणी घराचे, नाही तर गुरांचे.

तिने गाडीवरून मडके उतरवले. या वेळी मुलाने ते परत चढवले नाही, पण बैलही सोडले नाहीत. चुलीभोवती आम्ही सातजण बसलो. उत्तरेला हिमालय लख्ख दिसत होता, आणि मी मडक्यात पाहत होतो. म्हातारीने एक दाणा चिमटीत दाबला. टणक. बऱ्याच वेळाने दुसरा. तोही टणक. गाववाल्याने डोळे मिटून घेतले.

तिसरा दाणा तिने पाहिलाच नाही. चिमटीतच चुरडला आणि मुलाच्या तळहातावर बोट पुसले. मुलगा तळहाताकडे पाहत उभा राहिला. मग गेला आणि बैल सोडले.

म्हातारीने आम्हाला पानावर डाळ वाढली. गाववाल्याने एक घास घेतला.

"मास्तर, मीठ नाय."

मीठ गाडीवर बांधलेले होते. मुलगा ते काढायला वर चढला, आणि चढलाच आहे तर म्हणून बाकीचे सामानही खाली देऊ लागला. आम्ही उठलो, रांग लावली, आणि हातातून हातात ते घरात नेले.