पृथ्वी आणि अध्यक्षसाहेब

शाळेत किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आमच्या कळव्याच्या शाळेत तर रोबोट आल्यापासून ते धुळीसारखे साचतात. झाडले तरी उद्या तेवढेच!

मी तिथे मदतनीस. मुठीएवढे, चाकांवर चालणारे रोबोट चार्ज करून मुलांच्या हातात द्यायचे. मुलं टॅबवर सूचना जोडतात, तसे ते चालतात. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र ती खेळणी वाटायची. "यांच्याकडून एक धडा शिकवून दाखवा, नाहीतर ठाण्याच्या शाखेला देऊन टाकतो," म्हणाले. धडा आला भूगोलाच्या कदमबाईंवर. त्यांना मोबाइलसुद्धा मुलगी लावून देते!

*

पहिल्याच दिवशी बाईंचा रोबोट टेबलाच्या काठाकडे सुटला. बाई ओरडल्या, "ए, मागे फिर! ऐकू येत नाही का?"

मी ओंजळीत झेलला म्हणून वाचला. सातवीतली सानिका म्हणाली, "बाई, तो आपल्या वर्गातला नाहीये. ओरडून घाबरणार नाही!"

*

दसऱ्याआधी शाळेत पूजा झाली. नंतर एकही रोबोट जमिनीवरच्या काळ्या रेषेवरून चालेना! रेषा बघायचे त्यांचे डोळे असतात पोटाखाली. कदमबाईंनी भक्तिभावाने एकेकाला उलटं करून त्या डोळ्यांनाही कुंकू लावलेलं.

कापसाने पुसता पुसता बाई मला म्हणाल्या, "लोक डोळ्यातलं कुसळ काढतात गं, मी कुंकू घातलं!"

*

मग बाई सूर्याभोवतीच्या फेरीचा सराव करू लागल्या. रोबोटला पेन लावलं. वर्तुळ काही जुळेना, कागदावर नुसती जिलबी.

मुख्याध्यापिका डोकावल्या. "कदमबाई, हे काय?"

"चक्रीवादळ. पुढच्या आठवड्याचा धडा!"

*

शेवटी तो दिवस आला. वर्गाच्या मधोमध दिवा, म्हणजे सूर्य. रोबोटवर निळा कागद, म्हणजे पृथ्वी. पहिल्या रांगेत अध्यक्ष. बाईंनी टॅब सानिकाच्या हातात दिला, बटण तिनेच दाबलं.

पृथ्वी निघाली. छान गोल वळली, आणि अर्ध्या वाटेत थबकली! मी देवाचं नाव घेतलं. रोबोट वाटेत काही आडवं आलं की थांबतो, आणि अध्यक्ष पाय पसरून बसले होते. सांगणार कोण?

कदमबाईंनी चष्मा वर सरकवला. आवाज रोजचा, वर्गातला.

"साहेब, पाय आत घ्या. पृथ्वी थांबलीय!"

साहेबांनी पटकन पाय आत घेतले. वर हाताची घडीही घातली.