कुलूपकाकांची रिकामी कपाटं

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना सगळे कुलूपकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते ओ देत. वाचनालय म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा लांबट हॉल, मधोमध दोन टेबलं, बसलं की कुरकुरणाऱ्या खुर्च्या आणि भिंतींना टेकून उभी काचेच्या दारांची कपाटं. प्रत्येक कपाटाला कुलूप. आपण काचेतून बघायचं आणि बोट दाखवायचं. मग काका कमरेचा जुडगा काढणार आणि किल्ली सापडेपर्यंत तुमची उलटतपासणी घेणार. हात धुतलेत का? घरात रांगतं मूल आहे का? जेवताना वाचायची सवय? एका सभ्य गृहस्थांनी भोळेपणाने सांगून टाकलं की मी झोपताना वाचतो, तर काकांनी उघडलेलं कुलूप परत लावलं. पुस्तक अंगाखाली येतं म्हणे.

मुलीला सासरी धाडताना बापाचा होतो तसा चेहरा त्यांचा प्रत्येक पुस्तक देताना होई. फरक एवढाच, की मुलीने पंधरवड्यात परत यावं अशी अट असे.

तरुणपणी ते इथे कुणाच्या तरी रजेच्या जागी आले होते. रजेवर गेलेला माणूस परत आलाच नाही, आणि काका गेलेच नाहीत. पुस्तक परत आलं की ते पान न् पान बघत, दुमडलेले कोपरे नखाने सरळ करत, पाठीवरून हात फिरवत आणि मग आत ठेवत. काकू बालवाडीत शिकवायच्या. त्या म्हणत, "यांचा जीव पुस्तकांवर आहे हे मला लग्नानंतर आठवड्यात कळलं. मीही कपाटात उभी राहिले असते तर माझ्यावरही बसला असता."

तर अशा या काकांकडे मुख्य कचेरीतून निरोप आला. ज्या छोट्या वाचनालयांचा लोकांना उपयोग दिसत नाही ती बंद करायची, पुस्तकं पोत्यांत भरून मोठ्या वाचनालयाच्या गोदामात न्यायची. उपयोग किती, हे मोजायला एक मॅडम येणार होत्या.

काकांना नोकरीची धास्ती नव्हती, निवृत्ती तशीही दाराशी आली होती. पण 'पोती' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना. आम्ही नेहमीचे चारपाच वाचक टेबलाभोवती जमलो. औषधाच्या दुकानातला कंपाउंडर आमच्यात स्पष्टवक्ता. तो म्हणाला, काका, उपयोग दिसायचा तर पुस्तकं बाहेर जायला हवीत, तुम्ही ती शत्रूच्या कैद्यांसारखी राखून ठेवलीत. काका उठले. पाणी प्यायले, भांडं पुसून ठेवलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कपाटं सताड उघडी होती आणि दारावर पाटी होती: हवी तेवढी न्या.

आधी कुणाचा विश्वासच बसेना. काकांना बरं नसावं असं वाटून दोघेजण काकूंकडे चौकशीला गेले. मग मात्र दुष्काळातून सुटल्यासारखे लोक तुटून पडले. कुणी पिशव्या आणल्या, कुणी स्कूटरवर पायांशी गठ्ठे रचले. कित्येकांना इतकी वर्षं काचेतून फक्त पाठी पाठ झाल्या होत्या, त्यांनी त्या पुस्तकांची तोंडं पहिल्यांदा पाहिली. काका दारात उभे राहून प्रत्येकाला "सांभाळून" एवढंच म्हणत होते, पुढे पुढे नुसता हात हलवत होते. एका कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ होता. तो जड आहे, पडला तर खिळखिळा होईल म्हणून काकांनी कधी कुणाला दिलाच नव्हता. तो नळदुरुस्ती करणाऱ्याने खांद्यावर टाकून नेला, पाइप नेतात तसा. काकांनी डोळे मिटून घेतले.

मॅडम आल्या त्या दिवशी कपाटांत एकही पुस्तक नव्हतं. हॉलमध्ये एकही वाचक नव्हता, कारण सगळे घरी वाचत बसले होते. मी तिथे होतो तो निव्वळ चुलतभावाने माझं पुस्तक पळवलं म्हणून. काका फडकं घेऊन रिकाम्या फळ्या पुसत होते.

मॅडम तरुण होत्या, हातात टॅब, बोलणं मोजकं. त्यांनी पहिला रकाना वाचला: प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला पुस्तकांचा साठा. दुसरा वाचला: हॉलमध्ये बसलेले वाचक. मग त्यांनी हॉलकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं, पण माझ्या हातात पुस्तक नसल्याने मी मोजण्यात बसत नव्हतो.

काकांचा चेहरा उतरला. लोकांना पुस्तकं वाटण्याच्या धांदलीत, मोजणाऱ्याला दाखवायलाही काही लागतं, हे आम्हा कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही, आणि त्यात कंपाउंडर सर्वांत उंच उंटावर.

"मला दिसेल तेच मी लिहू शकते, काका," मॅडम म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण मऊही नव्हता.

काकांनी फडक्याची घडी केली. "मग बघायला चला."

कामाच्या वेळेत काका वाचनालयाबाहेर पडलेले मी तेव्हा प्रथम पाहिले.

पहिलं घर नव्हे, दुकान लागलं ते इस्त्रीवाल्याचं. त्याने कादंबरी साड्यांच्या गठ्ठ्याला टेकवून उभी केली होती. एक हात इस्त्रीवर, नजर पानावर. मॅडमनी टॅबवरचा प्रश्न विचारला, या पुस्तकामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला: थोडा, बराच की अजिबात नाही? त्याने कोपऱ्यातले तपकिरी डाग पडलेले शर्ट दाखवले. बदल शर्टांच्या आयुष्यात बराच झाला होता. मॅडमनी ओठ घट्ट मिटले, पण मी बाजूलाच उभा होतो, मला हसू दिसलं.

पुढच्या घरात सासू-सून. दोघींचा अबोला गल्लीला ठाऊक होता, स्वयंपाकघरातली बोलणी नातवंडांमार्फत चालत. गर्दीत सुनेने एका कथेचा पहिला भाग आणला आणि सासूबाईंनी नकळत दुसरा. सासूबाईंना अधेमधे शिरून काही कळेना, सुनेचं पुस्तक ऐन मोक्यावर संपलेलं. आम्ही गेलो तेव्हा सून मागची हकीकत सांगत होती आणि सासूबाई म्हणत होत्या, "थांब, मला वाटलंच होतं तो नालायक आहे." मॅडमनी प्रश्न विचारला तर दोघी एका सुरात म्हणाल्या, अजिबात नाही. आणि पुन्हा त्या नालायकाकडे वळल्या.

काका हे सगळं दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, पाठी दुमडतायत का, डाग पडतायत का हे बघतायत. पण ते पुस्तकांकडे बघतच नव्हते. वाचणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होते. इतकी वर्षं पुस्तकं दारातून जाताना आणि येताना त्यांनी पाहिली होती. मधल्या दिवसांत त्यांचं काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग नळवाल्याची इमारत. त्याची बायको म्हणाली, ते गच्चीवर आहेत, सूर्य लावतायत.

गच्चीच्या मधोमध बादलीचं पिवळं झाकण ठेवलेलं. भोवती खडूने वर्तुळं काढलेली, एकात एक, पार कठड्यापर्यंत. नळवाला मोजपट्टी घेऊन उकिडवा बसला होता, त्याच्या दोघी मुली खडूने माखलेल्या. तो ग्रंथ चटईवर, स्वच्छ पंचा अंथरून त्यावर उघडा. मॅडम पाऊल टाकणार तोच धाकटी म्हणाली, तिथे बुध आहे. मॅडमनी चपला काढून जिन्यात ठेवल्या. काकांनीही काढल्या.

नळवाला भडाभडा सांगू लागला. सूर्य जर या झाकणाएवढा धरला, तर ग्रह केवढे आणि किती लांब, हे त्याने ग्रंथातून काढलं होतं. हिशोबात एकदा चुकला, बायकोने दुरुस्त केला. दोनच ग्रह गच्चीवर मावले.

"आणि पृथ्वी?" मॅडमनी विचारलं. टॅबवर हा प्रश्न नव्हता.

त्याने समोरच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्याकडे बोट केलं. "तिथे मोहरीचा दाणा चिकटवलाय. पाइपच्या डिंकाने. पहिली पृथ्वी मुंगीने नेली."

आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो. दाणा काही दिसत नव्हता. ऊन होतं, कुणाचे तरी कपडे वाळत होते, खाली भाजीवाला ओरडत होता, आणि हे सगळं त्या न दिसणाऱ्या दाण्यावर चाललं होतं. मी थट्टेखोर माणूस, पण मला एकही विनोद सुचेना.

"शेवटचा ग्रह?" काकांनी विचारलं.

तो गॅरेजवाल्याकडे होता, बसथांब्याच्या पलीकडे. मॅडमना परत जायची घाई असायला हवी होती, पण त्या चपला घालून निघाल्या. भर उन्हात आम्ही चालत राहिलो. वाटेत केशकर्तनालयाच्या पायरीवर एक मोठा ग्रह होता, न्हाव्याने त्यावर वाटी उपडी घातली होती, गिऱ्हाइकाने तुडवू नये म्हणून. त्यापुढे नुसतंच अंतर. चाललो, चाललो, काहीच येईना. दोन ग्रहांमध्ये इतकं काहीच नसतं, हे मला पायांनी कळलं.

गॅरेजच्या फाटकावर खिळ्यापाशी एक वाटाणा चिकटवलेला होता. गॅरेजवाला हात पुसत आला आणि अभिमानाने म्हणाला, आमच्या पुढे कोणी नाही. मॅडम वळून मागे बघू लागल्या. झाकण दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ती गच्ची कुठली, हेही अंदाजाने ठरवावं लागत होतं.

काकांचे डोळे भरून आले होते. "हे माझ्या खालच्या कप्प्यात होतं," ते म्हणाले.

मग मॅडमनी टॅब पर्समध्ये टाकला आणि कामाच्या आवाजात सांगितलं, "साठा जागेवर नसल्याने तपासणी पुरी झालेली नाही. तपासणी पुरी झाल्याशिवाय वाचनालय बंद करता येत नाही, असा नियम आहे. सगळी पुस्तकं कपाटात आली की कळवा, मी येईन."

काकांना समजायला वेळ लागला. मला आधी समजलं, म्हणून मी त्यांना कोपराने ढोसलं.

"सगळी? एकाच वेळी?" ते म्हणाले.

"एकाच वेळी," मॅडम म्हणाल्या. जाता जाता त्यांनी, तो ग्रंथ नळवाल्यानंतर कुणाला मिळणार आहे, हे विचारून घेतलं. रांगेत बरेच जण होते. त्यांनी स्वतःचंही नाव सांगून ठेवलं.

अजून तसं काही कळवायची वेळ आलेली नाही. एक पुस्तक आलं की काका ते फळीवर टेकूच देत नाहीत, दारात उभ्या असलेल्या पुढच्या माणसाच्या हातात घालतात. परवा एक बाई मुदतीच्या आत पुस्तक घेऊन आल्या तर म्हणाले, एवढी काय घाई होती, पुन्हा एकदा वाचा.

संध्याकाळी वाचनालय बंद झालं की काका आणि काकू आता फिरायला जातात. घरोघरी दिवे लागत असतात. काका सावकाश चालतात, मान वर करून खिडक्यांकडे बघतात, मधेच थांबतात. काकूंना लाज वाटते. लोकांच्या घरात काय डोकावता, कुणी चोप देईल एखाद दिवस, असं त्या दर वळणावर बजावतात.

परवा ते एका खिडकीखाली थांबले ते हलेचनात. काकूंनी बाही ओढली. वर, दिव्याजवळ, मान खाली घातलेली एक आकृती होती. तिचा हात उठला आणि पान उलटलं.

"वाचतायत गं," काका म्हणाले.

काकूही मग वर बघत उभ्या राहिल्या.