पोरं तयार होईपर्यंत
मरोळच्या कारखान्यात मला लेथवर घेतलं ते माझी उंची बघून. कंपनीची बास्केटबॉलची टीम होती. दुपारी आम्ही खेळाडू प्रॅक्टिसला सुटायचो आणि आमचं उरलेलं काम खात्यातले बाकीचे ओढायचे. जिंकत होतो तोवर कुणाची तक्रार नव्हती.

पंच्याऐंशीच्या सुमाराला चार जुने खेळाडू एकदम खेळायचे थांबले. आमच्या कोचनी, म्हणजे सरांनी, अंधेरीच्या मैदानांतून चार कोवळी पोरं उचलून आणली आणि टेंपररी म्हणून कामाला लावली. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, यंदा हरलात तर चालेल. पुढच्या वर्षी कप आला नाही तर टीम बंद.

आम्ही हरलो, सपाटून हरलो. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलं की सुरू व्हायचं, "काय रे, आज पण वाट लागली ना? आणि तुमचे जॉब आम्ही करायचे!" ते ऐकायला मी, आणि मॅचला बाकावर बसायलाही मीच. मी आत असतो तर दोन-चार मॅच सहज काढल्या असत्या. एकदा राहवलं नाही.

"सर, मला टाका ना आत. लाज जाते आपली."

"तू काढशील रे मॅच. पण मग ही पोरं शिकणार कधी?"

असा संताप आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

सीझन संपता संपता पोरं खरंच खेळायला लागली. शेवटची मॅच तर त्यांनी झकास काढली. सरांनी सगळ्यांना मिसळ चारली. आणि महिन्याभरात एका बँकेने चौघांनाही उचललं. पर्मनंट नोकरी. पोरं मान खाली घालून सरांपुढे उभी राहिली, तर सर म्हणाले, "जा रे. विचारता काय?"

ती चौघं गेल्यावर कप कुठून येणार? आमची टीम बंद झाली. माझी खेळायची शेवटची वर्षं त्या बाकावर गेली, ही हळहळ अजून जात नाही.

पुढच्या वर्षी सर आणि मी फायनल बघायला गेलो. बँकेच्या जर्सीत आमची चारही पोरं होती. ऐन मोक्याला सर उठून ओरडले, "डावीकडून! डावीकडून घुस!" पोरगा मागे न बघता डावीकडून घुसला आणि बास्केट झाली. बँकेच्या कोचने वळून आमच्याकडे रोखून बघितलं.

सर खाली बसले. मॅच संपेपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून होते.