ताईचा सरावाचा मासा

धंद्याने मी केस कापतो, पण आमच्या गल्लीत मला 'मासा' म्हणतात. कुणाला वाटेल, पट्टीचा पोहणारा असेल. छे! गुडघाभर पाण्यातसुद्धा मी काठाला धरून चालतो. हे नाव मला चिकटलं ते माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीमुळे, आणि त्याबद्दल मी तिला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

ताई सोफे दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं दुकान; तिथे दोन-तीन खुर्च्या कायम पोट फाडून उताण्या पडलेल्या असतात आणि ताई तोंडात खिळे धरून त्यांच्याभोवती फिरत असते. बोलायचं झालं की खिळे गालात सारते. सुट्टीच्या दिवशी मात्र ही बाई धक्क्यावर गळ टाकून बसते. साध्यासुध्या मासळीत तिला रस नाही. तिला हवा असतो 'पहिलवान'. रुंद कपाळाचा, चंदेरी अंगाचा हा मासा गळाला लागला की असा सुसाट सुटतो की भल्याभल्यांना घाम फुटतो. धक्क्यापाशी तो चुकूनमाकूनच येतो. त्याचं खरं ठिकाण म्हणजे भर समुद्रातला बाहेरचा खडक, आणि तिथे होडीशिवाय जाता येत नाही.

अशा माशासाठी लागणारं सामान महाग असतं. ताई म्हणते, "महाग असतो तो नुसता रंग." गळांच्या दुकानात ती शिरली की दुकानदार आधी पंखा लावतो, कारण आता बराच वेळ जाणार हे त्याला ठाऊक असतं. ती सोफ्यात भरायच्या कापसाचा बोळा काढते आणि रॉडच्या एकेका कडीतून फिरवते. कापसाचा तंतू कुठे अडकला तर कडीला चरा आहे, म्हणजे दोरा तिथेच कापला जाणार. असा रॉड कितीही देखणा असो, परत फळीवर जातो. मग ती कुणीतरी विकायला ठेवलेला जाडजूड, जुना, कुरूप रॉड उचलते. आमिषाचा खोटा मासाही स्वस्तातलाच घेते, पण त्याचे मऊ गळ काढून जाड, टणक गळ लावते. "रंगवलेले डोळे बघून पहिलवान येईल रे, पण त्याला धरून कोण ठेवणार? डोळे?" असं वर मलाच सुनावते.

रिळाच्या बाबतीत तर तिची तऱ्हा जगावेगळी. रीळ म्हणजे रॉडवरची दोरा गुंडाळायची चक्री; तिला ब्रेक असतो. मासा जोर करू लागला की ब्रेक थोडा थोडा दोरा सोडतो, म्हणजे दोरा तुटत नाही आणि मासा दमतो. तो आचके न देता चालतो का, हे बघायला ओढणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. माझ्या कमरेच्या पट्ट्याला दोरा बांधायचा, ताईने रॉड धरून दुकानाच्या दारात स्टुलावर बसायचं आणि मी गल्लीतून धूम ठोकायची. मग गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलेलं का असेना!

गल्ली संपायच्या आत मला दम लागतो. मी दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहतो. "झालं का? मेलास का?" ताई ओरडते. मी उत्तर देत नाही. तिने हात जरा सैल सोडला की मी पुन्हा पळतो. मलाही काही स्वाभिमान आहे.

गेल्या हंगामात होडीवाल्याकडे एक जागा रिकामी झाली. हंगामातून एकदाच तो मोजक्या लोकांना बाहेरच्या खडकापाशी नेतो, आणि ताई वर्षानुवर्षं धक्क्यावरून ती होडी जाताना बघत आली होती. तिने जाऊन विचारलं. तो तिच्या सामानाला हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. म्हणाला, "ताई, एकाचा मासा भरकटला की सगळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता होतो. आधी मला ओढून बघू द्या."

हाताला फडकं गुंडाळून, दोरा धरून तो धक्क्यावरून चालत सुटला. रीळ दोरा सोडतच राहिलं. "ब्रेक आवळा!" तो लांबून ओरडला. ताईने आवळला, तशी रिळाला उचकी लागली. दोन-चार आचके बसले आणि दोरा फटकन तुटला.

"ब्रेक कुणाच्या जोरावर जुळवलाय?" परत येऊन त्याने विचारलं.

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. होडीवाल्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "हं," तो म्हणाला. एवढंच. पण त्या एका हुंकाराने माझा जो पाणउतारा झाला, तसा शिव्यांनीही झाला नसता.

"रविवारी सकाळी निघतोय. त्याआधी जमवलंत तर जागा तुमची."

नवं भारी रीळ ताईने काचेतून पाहिलं आणि ती घरी आली. जुनं रीळ खोलून खिळ्यांच्या गर्दीत मांडलं. ब्रेकच्या चकत्या झिजून पातळ झाल्या होत्या. तिने खुर्च्यांच्या पायांखाली लावायचा लोकरीचा जाड नमदा काढला, त्याच्या गोल चकत्या कापल्या आणि ग्रीसमध्ये भिजवून आत बसवल्या. मी लगेच बूट चढवू लागलो.

"तू नको," ताई म्हणाली.

खरं सांगतो, मला फार लागलं ते.

भावोजी कोपऱ्यात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. ते पोस्टमन. दिवसभर चढउतार तुडवून आले की रात्रीपर्यंत त्यांच्या तोंडून चार शब्दसुद्धा निघत नाहीत. ते हळूच म्हणाले, "मी पळून बघू का?"

मला हसू आवरेना. भावोजींनी शांतपणे पाय पुसले, पट्ट्याला दोरा बांधून घेतला आणि ते जे सुटले! रीळ किंचाळू लागलं. ताई स्टुलासकट दारातून घसरत गटारापर्यंत गेली. "अहो! थांबा! थांबा म्हणते ना!" भावोजी परत आले तेव्हा त्यांचा श्वाससुद्धा चढला नव्हता. "अजून एकदा?" त्यांनी विचारलं. ताई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू हे स्थळ तिला आत्ताच सांगून आलंय. मी माझ्या दुकानात निघून गेलो.

शनिवारपर्यंत चकत्या दोनदा बदलून झाल्या आणि आचके थांबले. होडीवाल्याने ओढून पाहिलं आणि मान डोलावली.

रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस, तरी मी दुकान बंद ठेवून भावोजींबरोबर धक्क्यावर येऊन थांबलो. रुसवा असला तरी बहीण ती बहीणच. होडी लागली. आधी उतरले एक साहेब, चकचकीत रीळ काखेत आणि चेहरा पडलेला. मागून ताई. केस खाऱ्या पाण्याने चिकटलेले. आणि बर्फावर आडवा पडला होता पहिलवान, खुर्चीच्या पाठीएवढा! मला एकदम रडूच आलं.

"ओढला का माझ्यासारखा?" भावोजींनी विचारलं.

"पहिली धाव हुबेहूब तुमची. स्टूल नव्हतं म्हणून वाचले."

भावोजी लाजले. मी पाण्याकडे बघू लागलो.

"पण खरी गंमत पुढेच," होडीवाला म्हणाला. "मासा मधेच थांबला, जागचा हलेना. ह्या साहेबांचाही तसाच थांबला होता. त्यांना वाटलं दमला, त्यांनी हात सैल सोडला आणि तो गळ झटकून पसार. तरी ताईंना सांगत होते, दमला आता, सोडा जरा. ताई ऐकतील तर शपथ!"

"ऐकू कशी?" ताई उसळून म्हणाली. "दमलेला कोणता आणि खांबाला टेकलेला कोणता, एवढं मला कळत नाही होय? मुकाट्याने उभा राहतो आणि माझा हात ढिला पडायची वाट बघतो. इतकी वर्षं गल्लीत दुसरं काय बघतेय मी?" मग तिने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोरा ताणूनच धरला. चार वेळा रुसला, चार वेळा पळाला. पहिली धाव तेवढी ह्यांची होती रे, बाकी सगळा तूच."

हल्ली कुणी दुकानात येऊन मला 'मासा' म्हणालं, तर मी वस्तरा बाजूला ठेवतो आणि शांतपणे दुरुस्ती करतो.

"पहिलवान म्हणा."