तोफसरांनी सुधारलेलं भाषण

मी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या भेटीत तोफसर मला नुसतं "बसा" म्हणाले. मी बसलोच, पण माझ्याबरोबर शिपाई बसला, दोन कारकून बसले आणि खिडकीबाहेरून चाललेला एक सायकलवालाही खाली उतरून फुटपाथवर बसला. आवाजच तसा होता.

ते इतिहास शिकवत. म्हणजे नववीला एका युद्धकाळच्या पंतप्रधानाचा पाच पानांचा धडा होता, तो दीड महिना शिकवत आणि उरलेला इतिहास जाता जाता उरकत. शहरावर बॉम्ब पडताहेत, लोकांचं अवसान गळालंय आणि एक माणूस केवळ शब्दांवर देश उभा करतोय, हे सांगताना सरांच्या टेबलावरची शाईसुद्धा हिंदकळे. मग एकेका पोराला बाकावर चढवून भाषण करायला लावत. वाक्य छोटं, शब्द घरातला आणि घाव घालण्याआधी क्षणभर थांबायचं. बस, एवढंच शास्त्र.

बोलताना अडखळणाऱ्या एका मुलीचं "गंजका नळ" हे बारसं त्यांनीच भरवर्गात केलं. वर्ग हसला. शिक्षकांच्या खोलीत आम्हीही हसलो. नाव चपखल होतं, खोटं कशाला बोलू? पुढे वर्षभर तिला दुसरं नाव उरलं नाही.

शेवटी तिच्या वडिलांनी तक्रार केली. शाळेच्या समितीने सुनावणी ठेवली. मुलीने आपलं म्हणणं स्वतः वाचायचं, सरांनी उत्तर द्यायचं, मग त्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरणार. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सर निर्धास्त होते. ती आज बोलायला लागली तर परवा संपेल, म्हणाले.

नियमाप्रमाणे तिचं निवेदन दोन दिवस आधी सरांच्या हातात आलं. दोन पानं वाचून ते लालबुंद झाले आणि त्यांनी लाल पेन्सिल काढली.

मी म्हटलं, "अहो सर, हे तुमच्याविरुद्ध आहे."

"ते दिसतंय मला. पण माझ्या वर्गातली मुलगी समितीपुढे असलं रडगाणं वाचणार? लाज माझी जाईल."

दोन पानांच्या त्यांनी अकरा ओळी केल्या. मधे कुठेतरी पुरलेलं एक वाक्य उकरून शेवटी नेलं. ती जिथे अडखळणार, नेमक्या तिथे थांबण्याच्या खुणा केल्या, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं, मुद्दाम थांबली. आणि कागद शिपायाबरोबर तिच्याकडे परत पाठवला.

सुनावणीत ती उभी राहिली. अडखळली, पण खुणेवरच. सरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

"सरांनी मला एक नाव दिलं." ती थांबली. "घरी माझी धाकटी बहीण मला त्याच नावाने हाक मारते."

अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. सरांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि कुजबुजले, "बघितलंत?"

मग ते स्वतः उठले आणि पाऊण तास गरजले. कुठेही थांबले नाहीत.

ठराव दुपारी चारच्या आत एकमताने झाला. सोमवारी त्यांच्या तासाला चित्रकलेच्या बाई गेल्या.